उत्तरेच्या भिंतीवरचा नरक

सोमवार, २२ एप्रिल १९६३

ही वही माझ्या नवऱ्याची, ओनेझीमची. पुढच्या बाजूने त्याच्या मधमाश्या आहेत: कुठल्या पेटीतली राणी मेली, कुठली पेटी हलकी लागते, कुठला दिवस ढगाळ. शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची, तो गेला त्याच्या चार दिवस आधीची. उरलेली पानं कोरी आहेत आणि कागद चांगला आहे, म्हणून मी वही उलटी करून मागून सुरुवात करते.

लिहायचं कारण असं, की काल रविवारची मिस्सा संपल्यावर फादर ब्रेशार यांनी जाहीर केलं, आपलं चर्च पाडणार. शाळेजवळ नवीन प्रार्थनाघर बांधायचं, सिमेंटचं, आत शेगडी असलेलं. फादर तरुण आहेत, आमच्या मेरोल गावात येऊन त्यांना दोनच हिवाळे झालेत आणि दोन्ही हिवाळे ते शिंकत होते. मी त्यांना दोष देत नाही. पण पवित्र पाण्याचं भांडं गोठतं म्हणून कुणी चर्च पाडतं का?

तडक मेयरकडे गेले. मेयर म्हणजे आमचा झेफिरें, ओनेझीमचा चुलतभाऊ.

"वहिनी," तो म्हणाला, "छपराची एक तरी तुळई धड आहे का? मनोऱ्याला भेग गेलीय. उद्या एखादा दगड तुमच्याच डोक्यात पडला म्हणजे?"

"आठशे वर्षं उभं आहे ते."

"तेच म्हणतोय मी. दमलंय बिचारं."

मतदान १८ जूनला आहे. पंचायतीत नऊ जण. चौघं झेफिरेंच्या बाजूने, म्हणजे त्याला धरून. चौघं विरुद्ध. नववा फुल्जांस लोहार. तो लाल झेंड्याचा, चर्चचा विषय निघाला की हात खाली ठेवून छताकडे बघत बसतो. म्हणजे बरोबरी होणार, आणि बरोबरी झाली की मेयरचं मत दोनदा मोजतात. झेफिरेंने हे सगळं मला हसत हसत समजावलं.

एकवीस वर्षं त्या चर्चची किल्ली माझ्या कमरेला आहे. झाडणं, पुसणं, फुलं, वेदीवरचे कपडे, सगळं मी. आता काय करावं सुचत नाही.

बुधवार, २४ एप्रिल

ठरवलं, की पाडायच्या आधी निदान स्वच्छ तरी करायचं. मेलेल्या माणसालाही आपण अंघोळ घालतोच.

उत्तरेच्या भिंतीला ओल येऊन हिरवी बुरशी धरलीय. तिथे ब्रश घेऊन जोर लावला, तर चुन्याचा भाकरीएवढा पापुद्रा निघाला आणि माझ्या बुटांवर पडून फुटला. वर पाहिलं तर भिंतीतून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

किल्ली फिरवून सरळ घरी आले. आल्यावर प्लमची दारू थोडी घेतली. एरवी मी घेत नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

परत गेले. डोळा तिथेच होता. हळूहळू लोण्याच्या सुरीने कडेकडेने चुना सोडवला. मला वाटलं होतं कुणीतरी संत असेल. भुवई निघाली, मग कान निघाला. कान बोकडाचा होता. मग शिंग.

हा संत नव्हे.

चुना निघाला तरी वर धुरकट थर राहतो. आई वाड्यावर कामाला होती तेव्हा मालकिणीच्या दिवाणखान्यातले भिंतीवरचे कागद पावाच्या गराने पुसायची. ताजा गर मळून गोळा करायचा आणि हलकेच फिरवायचा, मळ तो उचलतो आणि रंग सोडतो. करून पाहिलं. आठवड्याचा पाव संध्याकाळपर्यंत संपला, पण सैतानाचा गाल असा लाल निघाला की जणू आत्ताच शेतातून आलाय.

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. सगळं निघाल्याशिवाय नाही. झेफिरेंला कळलं तर तो उद्याच किल्ली मागेल.

सोमवार, २९ एप्रिल

पावाचा प्रश्न आहे. गावात पाव एकाच ठिकाणी मिळतो, उर्सुलकडे. आणि उर्सुल आणि मी अकरा वर्षं बोलत नाही. तिच्या मुलीच्या लग्नातला केक कोरडा होता असं मी म्हणाले होते. खरं म्हणजे फक्त दोघींना म्हणाले होते, त्याही सख्ख्या बहिणी. तिच्या कानावर कसं गेलं, ते देव जाणे.

तेव्हापासून मी दुकानात जाते, एक बोट वर करते, ती एक पाव ठेवते, मी निघते. आज तीन बोटं वर केली. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मग माझ्या केसांकडे. केसांत चुना होता बहुतेक. तीन पाव ठेवले. रांगेतल्या बायकांच्या माना लांब झाल्या. लोकांना दुसऱ्याच्या टोपलीत डोकवायची फार सवय. मला असल्या गोष्टी आवडत नाहीत.

शनिवार, ४ मे

गाव विचित्र वागतंय. खाटकाने मागितलं नसताना मोठा तुकडा दिला आणि म्हणाला, "दोघांना पुरेल." मी म्हटलं, मला दोन दिवस पुरेल. तर म्हणतो, "असं असं," आणि डोळा मिचकावला. या माणसाला मी लहानपणापासून ओळखते, डोळ्याला असं काही नव्हतं त्याच्या.

उंचावर हात पोचत नाही म्हणून फुल्जांसकडे शिडी मागायला गेले. आम्ही एका वर्गात होतो. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. ट्रॅक्टरच्या खालून बाहेर आला, तोंडभर ग्रीस.

"शिडी कशाला हवी?"

"वरचं काढायचंय."

"मी येऊन काढून देतो."

"नको नको! तू येऊ नकोस." मी जरा जोरातच म्हणाले. तो चर्चमध्ये येणाऱ्यातला नाहीच, पण पंचायतीतला आहे ना.

"घरात दुसरं कुणी उंच आहे वाटतं," तो म्हणाला.

"असतं तर मागितली असती का?"

यावर तो अगदी मोकळा हसला, आणि शिडी स्वतः खांद्यावर घेऊन माझ्या दारापर्यंत आला. मी ती मागच्या वाटेने हातगाडीवर घालून चर्चमध्ये नेली.

रविवार, ५ मे

फादरांनी आज एकटेपणावर प्रवचन केलं. एकटं राहणं किती कठीण आहे, वय कितीही असलं तरी मन घसरतं, पण विवाहाचं पवित्र बंधन साठीनंतरही मिळू शकतं, आणि ते, म्हणजे फादर, कुणाचा न्याय करायला बसलेले नाहीत. सगळं चर्च माझ्या दिशेने बघत होतं. माझ्या मागच्या बाकावर उर्सुल बसते, तेव्हा समजलंच. तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. कोण असेल बरं?

गुरुवार, ९ मे

मोठी कढई निघाली! खाली जाळ, दोन सैतान भात्याने वारा घालताहेत आणि आत सात डोकी उकळताहेत. मोजली मी. एका डोक्यावर मुकुट आहे. एकावर बिशपची उंच टोपी. बाकीच्यांनी सगळे कपडे काढलेत पण टोप्या ठेवल्यात, नाहीतर आपल्याला कळणार कसं कोण ते. चित्रकाराला डोकं होतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायला हवी, पण वाटत नाही. सैतान कामसू आहेत. एकाने बाह्या वर केल्यात.

दिवसाला चार पाव लागतात आता. पावांची वरची कवचं कोंबड्यांना घालते. त्या एवढ्या माजल्यात की अंडी घालायचं विसरल्यात.

शिडी घेतल्यापासून फुल्जांस रोज सकाळी हात वर करायचा. आज दुकानातून चार पाव घेऊन बाहेर पडले तर समोर तो. पावांकडे बघितलं आणि मान फिरवून निघून गेला. दाढ दुखत असणार. त्याची जुनी तक्रार आहे ती.

सोमवार, १३ मे

कढईच्या उजवीकडे दोन बायका निघाल्या. डोक्याला रुमाल, बाकावर बसल्यात, डोक्याला डोकं लावून कुजबुजताहेत. त्यांच्या मागे एक सैतान मांडीवर चामड्याचं भेंडोळं घेऊन त्या बोलताहेत ते उतरवून घेतोय. भेंडोळं पुरेना म्हणून दातात धरून ताणतोय! इतकं बोलणं. एकीचं नाक लांब, थेट उर्सुल. शेजारची कोण ते कळत नाही. तिचं तोंड उघडं आहे.

चर्चमध्ये बसून कुचाळक्या करणाऱ्यांना हेच हवं.

सैतानाच्या भेंडोळ्यावर काळ्या काळ्या बारीक रेघा होत्या, काजळी बसल्यासारख्या. पावाने निघेनात. मग व्हिनेगरमध्ये फडकं बुडवून चोळलं. आता कसं लख्ख झालंय.

गुरुवार, १६ मे

आज उर्सुल आली.

मी शिडीवर होते. दार मी लावलं होतं पण कडी घालायला विसरले. ती उंबऱ्यात उभी, हातात मोठी टोपली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"गडी असता तर कवचंही खाल्ली असती."

"काय?"

"तुझ्या कोंबड्या माझ्या कुंपणाशी येतात. त्यांच्यापुढे नुसती कवचं. चार पाव घेतेस आणि गर तेवढा कुठेतरी जातो. बिनदाताचा म्हातारा ठेवलायस की काय, असं मला वाटलं होतं. मग म्हटलं, एकदा बघूनच यावं."

"कुणाला ठेवलंय?"

तेव्हा तिने सांगितलं. सगळ्या मेरोलला वाटतंय की मी घरात पुरुष लपवलाय! खाटीक म्हणतो पोलंडचा आहे. झेफिरेंची बायको म्हणते पळून आलेला पाद्री आहे. फादरांचं ते प्रवचन माझ्यासाठी होतं! मी शिडीवरच खाली बसले आणि हसता हसता पडणार होते. उर्सुलही हसायला लागली. तिचं हसू मी विसरलेच होते, घोड्यासारखं आहे.

मग ती भिंतीकडे वळली. पार डोकं मागे करून, डावीकडून उजवीकडे, एकेक सैतान बघत गेली.

"लेओंतीन," ती म्हणाली, "ही तू."

"कुठली?"

"तोंड उघडं आहे ती."

मी म्हटलं, शेजारच्या नाकाकडे बघ आधी. तिने बघितलं. टोपली खाली ठेवली. टोपलीत काल न खपलेले सहा पाव होते, कवच काढून आणलेले.

"केक कोरडाच होता," ती बाह्या वर करत म्हणाली. "भट्टी जास्त तापली होती. पण तू बोलायला नको होतंस."

"नको होतं," मी म्हटलं.

दुपारभर दोघींनी मिळून एक आख्खा सैतान शेपटीसकट साफ केला.

सोमवार, २० मे

उर्सुलचं म्हणणं, दोन म्हाताऱ्यांनी सांगून झेफिरें ऐकणार नाही, पॅरिसहून कुणीतरी यायला हवं. सरकारात जुनी चित्रं बघणारं खातं आहे म्हणे, तिच्या जावयाने पेपरात वाचलं होतं. तिने सांगितलं, मी लिहिलं. तीन पानी पत्र झालं. कढईचं चित्रही काढून पाठवलं, पण माझ्या हातचे सैतान सशांसारखे दिसतात.

जाता जाता ती म्हणाली, "फुल्जांसला तरी सांग खरं काय ते. आठवडाभर ऐरणीवर काय बडवतोय देव जाणे, माझ्या खिडक्या हादरतात."

"त्याला कशाला? त्याची दाढ दुखतेय."

उर्सुलने माझ्याकडे असं बघितलं जसं मी पिठात मीठ घालायचं विसरले.

"काही नाही," ती म्हणाली. "पावाचा गोळा दे इकडे."

सोमवार, २७ मे

आजचा प्रकार सविस्तर लिहायला हवा.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही दोघी कामात होतो. दार धाडकन उघडलं. दारात फुल्जांस. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि हातात हातोडा, मोठा.

"बाहेर ये!" तो ओरडला. आवाज घुमला तशी वरची कबुतरं उडाली. "मर्द असशील तर समोर ये!"

"मी आहे," शिडीवरून उर्सुल म्हणाली. "चालेल का?"

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वेदीमागेसुद्धा जाऊन आला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. बाप्तिस्म्यानंतर हा माणूस स्वतःच्या लग्नाला तेवढा चर्चमध्ये आला होता. हातोडा हळूहळू खाली आला.

"कढईत कोण आहे?"

"बिशप," मी म्हटलं.

"नक्की?"

"टोपी बघ ना."

"आणि तो मुकुटवाला?"

"राजा असणार. इतर लोक अजून ओळखू येत नाहीत."

तो बाकावर बसला. डोक्यावर टोपी नव्हतीच, तरी काढायला हात वर गेला. बराच वेळ बघत राहिला. मग भात्यावरच्या सैतानाकडे बोट दाखवून म्हणाला, "भाता बरोबर धरलाय. डावा हात खाली. काढणाऱ्याने लोहारशाळा बघितलेली आहे." आणि थोड्या वेळाने, "आपल्यातलाच असणार कुणीतरी."

"तो इथलाच असेल," मी म्हटलं.

"आणि ते पाव? चार-चार?"

"भिंतीसाठी."

"भिंतीसाठी," तो म्हणाला, आणि असा हसायला लागला की डोळ्यांतून पाणी. एवढं हसण्यासारखं काय होतं, मला समजलं नाही. चर्चमध्ये चोर शिरला असं वाटून तो आला असणार. शिडी मी चर्चमध्ये नेलीय हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून बाहेरून आवाज ऐकून धावला. चांगला माणूस आहे. पण चोर पकडायला इस्त्रीचा शर्ट कशाला घालायचा?

दाढ बरी झालेली दिसते.

गुरुवार, ६ जून

त्या आल्या. मादमोआझेल तिसो, पॅरिसच्या खात्यातल्या. मला वाटलं होतं दाढीवाला म्हातारा येईल. ही तिशीची, पुरुषी विजार घातलेली, गळ्यात भिंग. झेफिरें मागे मागे, छपराच्या तुळया दाखवत. त्यांनी त्याचं काही ऐकलं नाही. भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे देवा."

दोन तास बघत होत्या. चर्च बाराव्या शतकाचं, ते आम्हाला माहीत होतं. चित्र नंतरचं, चौदाशेच्या पुढेमागे. कुणी प्रवासी चित्रकार असावा, एक हिवाळा इथे राहिला असेल. पुढे कधीतरी एखादा बिशप पाहणीला आला असेल, आपला जातभाई कढईत बघून चिडला असेल, आणि चुना मारायला सांगून गेला असेल. "त्याचे आभार माना," त्या म्हणाल्या. "त्या चुन्यामुळेच हे टिकलं."

पावाचं ऐकून त्यांनी माझा हात हातात घेतला. आम्हीही हेच करतो म्हणाल्या. मी अशी फुलले की काय सांगू. मग त्या कुजबुजणाऱ्या बायकांशी पोचल्या. भिंग लावलं. भेंडोळ्याजवळ नाक नेलं.

"इथे काय लावलंत?"

"व्हिनेगर. काजळी होती, काळ्या रेघा..."

त्या माझ्याकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या रेघा नव्हत्या, मादाम. अक्षरं होती. त्या दोघी काय बोलत होत्या, ते तिथे लिहिलेलं होतं. असं लिहिलेलं फार थोड्या ठिकाणी सापडतं. बाकीचं चित्र ओल्या चुन्यावरचं आहे, हे कोरड्या चुन्यावर काढलेलं होतं, म्हणून व्हिनेगरने गेलं."

मी बाकावर बसले. पाचशे-साडेपाचशे वर्षं त्या दोघी बोलत होत्या आणि मी एका फडक्याने त्यांना गप्प केलं. माझी किल्ली काढून झेफिरेंला द्यावी असं वाटलं. त्याने उलट मला रुमाल दिला.

मादमोआझेल बराच वेळ खाली वाकून होत्या. मग म्हणाल्या, "थांबा. अगदी कोपऱ्यात दोन शब्द राहिलेत." भिंगातून अक्षर अक्षर वाचलं. "आणि... मग."

"आणि मग?" उर्सुलने विचारलं.

"बस. तेवढंच. 'आणि मग'."

उर्सुलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग काही गेलेलं नाही," ती म्हणाली. "बाकीचं काय असतं, ते सगळ्यांना माहीतच आहे."

मादमोआझेलही हसल्या. पण मला अजून वाईट वाटतंय, आणि ते वाटत राहील.

मंगळवार, १८ जून

मतदान.

मादमोआझेलचा अहवाल झेफिरेंने वाचला, घाईघाईत, मधली पानं गाळून. चित्र महत्त्वाचं आहे, भिंत वाचवावी, सरकार छपराच्या दुरुस्तीला हातभार लावेल पण गावाने आधी हो म्हणायला हवं. झेफिरें म्हणाला, "चित्र काढून संग्रहालयात नेता येतं. चर्च पडायचं ते पडणारच." मग हात वर करायला सांगितले. पाडण्याच्या बाजूने चार. विरुद्ध चार. फुल्जांस छताकडे बघत होता.

"बरोबरी," झेफिरें म्हणाला. "तेव्हा मेयर या नात्याने मी..."

"थांब," फुल्जांस म्हणाला, आणि उभा राहिला. "मी देव मानत नाही. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना नाही त्यांना माझी आई सांगायची. पण ज्या माणसाने राजाला आणि बिशपला एका कढईत बसवून खाली भाता लावला, आणि तेही त्यांच्याच चर्चमध्ये, त्यांच्या नाकासमोर, तो माझा कॉम्रेड आहे. त्याचं काम मी पाडू देणार नाही. आणि संग्रहालयात नेऊन काय करणार? तिथे कुणाला माहीत कोण उकळतंय? तो इथे आमच्यासाठी काढून गेला."

आणि हात वर केला. पाच विरुद्ध चार. उर्सुल सगळ्यांसमोर घोड्यासारखी हसली.

बाहेर आल्यावर मी फुल्जांसचे आभार मानले. "चित्रासाठी केलं," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. उकाडा आहेच सध्या.

सोमवार, १ जुलै

छपरावर ताडपत्री आली. कारागीर ऑगस्टमध्ये येणार. झेफिरेंने जिल्ह्याच्या पेपरवाल्याला सांगितलं की चर्च वाचवण्याचा विचार पहिल्यापासून त्याचाच होता. छापून आलंय, फोटोसकट. मी काही म्हटलं नाही. फक्त उर्सुलला म्हटलं. आणि खाटकाला.

फादरांचं मात्र अवघड झालंय. रविवारी चर्च तुडुंब भरतं, कधी न येणारे येतात, पण सगळे उत्तरेकडे तोंड करून बसतात. काल ते प्रवचन थांबवून म्हणाले, "स्वर्ग या बाजूला आहे." कुणीतरी मागून म्हणालं, "तिकडे काही काढलेलं नाही, फादर." ते हसले. शिंकणंही थांबलंय त्यांचं.

रविवार, २१ जुलै

फुल्जांस आता दर रविवारी येतो. मिस्सेला नाही, मिस्सा संपल्यावर. येतो आणि मला म्हणतो, समजावून सांग चित्र. आज चौथ्यांदा सांगितलं. कढईत कोण, भात्यावर कोण, सगळं पहिल्यापासून. बिचाऱ्याची स्मरणशक्ती गेली. आज जर्दाळू घेऊन आला होता, स्वतःच्या झाडाचे, एकेक पुसून कागदात गुंडाळलेले.

सांगून झालं तरी उठेना. मग दक्षिणेच्या भिंतीकडे बघून म्हणाला, "त्या बाजूला काय आहे?"

"चुना."

"चुन्याखाली?"

"कुणाला माहीत. काही नसेलही. इतकी वर्षं झाली."

"असेल," तो म्हणाला. "आपण बघितलंच नाही कधी, म्हणून नाही म्हणायचं का?"

"तसं हात लावून चालत नाही फुल्जांस. परवानगी लागते."

"मग मागतो."

"पॅरिसचा पत्ता देते. मादमोआझेलना लिही."

"पॅरिसला काय करायचंय मला? तुझ्याकडे मागतोय."

मी म्हटलं, माझ्या परवानगीने काय होणार, मी साधी किल्ली सांभाळणारी. तो म्हणाला, "म्हणूनच." मग उठला, टोपी घातली, काढली, परत घातली. "घाई नाही," म्हणाला. "विचार करून सांग."

आणि गेला. जर्दाळू गोड आहेत.

संध्याकाळचे सहा

वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. शुद्धलेखन बघायला म्हणून वाचत होते. मग आणखी एकदा वाचलं. मग पानं मागे उलटवत एप्रिलपर्यंत गेले. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, एकही गोष्ट सुटलेली नाही, आणि मला एवढंसुद्धा...

अगं बाई!

एप्रन न काढताच उर्सुलकडे धावत गेले. दुकान बंद होतं, मागचं दार ठोकलं. तिने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी एक शब्द बोलायच्या आत म्हणाली, "कळलं एकदाचं. बस, कॉफी टाकते."

मी बसले. कपात साखर किती घातली ते मोजलं नाही. ती समोर बसली, कोपरं टेबलावर, डोकं माझ्या डोक्याजवळ आणून.

"मग? काय सांगणार त्याला?"

मी म्हटलं, "भिंत जुनी आहे. जपून खरवड म्हणावं."